चार नकाशांएवढं जग आणि एक पांढरं दीपगृह

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी, म्हणजे ब्लॉकनी, बांधायच्या संगणक-खेळाचं जग अमर्याद आहे असं सगळे म्हणतात. तसं ते नाही. संगणकावरच्या जावा आवृत्तीत मध्यबिंदूपासून कुठल्याही दिशेला साधारण ३ कोटी ब्लॉक गेलात की हद्द लागते. एक ब्लॉक म्हणजे एक मीटर असा हिशेब धरतात, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत ६०,००० किलोमीटर. क्षेत्रफळ काढलं तर पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सातपट भरतं. खेळात चालण्याचा वेग सेकंदाला साधारण ४.३ ब्लॉक आहे. मध्यापासून नाकासमोर, न थांबता, न झोपता चालत निघालं तर हद्दीला पोचायला ८० दिवस लागतील. खरे ८० दिवस, खेळातले वीस-वीस मिनिटांचे नव्हेत.

आकडे भारी आहेत, पण बांधायला बसलं की त्यांचा काडीचा उपयोग नसतो. बांधणाऱ्याचं जग तेवढंच, जेवढ्यातून त्याला माल वाहून आणता येतो आणि जेवढ्या अंतरावरून त्याचं काम दिसतं. आमचं दीपगृह उभं राहताना हे मला पदोपदी जाणवलं, म्हणून त्याचीच हकिकत लिहिते आहे.

२०२२ मध्ये १.१९ आवृत्ती आली तेव्हा भाचीने एका जुन्या संगणकावर आमचा छोटा सर्व्हर सुरू केला. खेळणारे मोजकेच: ती, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी. सगळा मामला सर्व्हायव्हलमधला, म्हणजे एकही ब्लॉक फुकटचा नाही. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, जगाला कुंपण घालू. ती उखडलीच.

"आत्या, एवढं मोठं जग मिळतंय फुकट, आणि तू ते कापायला निघालीस?"

कारणं होती माझ्याकडे. एक तर हा खेळ तुम्ही जिथे जिथे फिरता तो प्रत्येक तुकडा कायमचा जपून ठेवतो. जमीन १६ बाय १६ ब्लॉकच्या तुकड्यांमध्ये, म्हणजे चंकमध्ये, तयार होते, आणि असे ३२ बाय ३२ चंक एका फाइलमध्ये बसतात. म्हणजे ५१२ बाय ५१२ ब्लॉकचा प्रदेश झाला की एक फाइल, काही एमबीची. कुणी नुसतं हुंदडायला म्हणून होडी घेऊन निघालं की डिस्क भरत जाते, आणि त्या जुन्या यंत्राला नवी जमीन घडवताना घाम फुटतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. मोकळं सोडलं की चार जणी चार दिशांना पाच-पाच हजार ब्लॉक लांब जाऊन घरं बांधतात आणि मग एकमेकींचं काम कुणी बघत नाही.

पण तिला पटवलं ते नकाशांनी. खेळातला नकाशा वाढवत वाढवत शेवटच्या पायरीला नेला की त्यात २०४८ बाय २०४८ ब्लॉक मावतात. असे चार नकाशे भिंतीवर दोनावर दोन लावले की ४०९६ बाय ४०९६. जगाची हद्द बरोबर तेवढीच ठेवली तर अख्खं जग चार चौकटींत लावता येतं, एक ब्लॉक कमी नाही की जास्त नाही. यात एक मेख आहे, जी माहीत असलेली बरी. नकाशांची जाळी शून्यापासून सुरू होत नाही. उणे ६४ पासून सुरू होते. म्हणून हद्दीचा मध्य शून्य-शून्यवर ठेवला तर कडेच्या पट्ट्या नकाशाबाहेर पडतात. हद्द ठरवणाऱ्या वर्ल्डबॉर्डर या आज्ञेने मध्य उणे ६४, उणे ६४ वर नेला, रुंदी ४०९६ दिली, आणि काम झालं. हद्दीपाशी गेलं की निळसर, सरकत्या तिरप्या पट्ट्यांची भिंत दिसते. पलीकडची जमीन दिसते, पण तिथे पाऊल पडत नाही.

चार हजार ब्लॉक कमी वाटतात का? जुन्या लोकांना विचारा. २००९ मधल्या अगदी पहिल्या चाचणी आवृत्तीचं जग २५६ बाय २५६ होतं आणि त्यात ब्लॉक दोनच, गवत आणि कोबलस्टोन. मोबाइलवरची सुरुवातीची जगंसुद्धा २५६ बाय २५६ चीच. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ वर ८६४ बाय ८६४, बस. त्या एवढ्याशा चौकोनात लोकांनी शहरं उभी केली आहेत.

मात्र जगाला कुंपण घातलं की माल कुठून येतो हे कळायला लागतं. अमर्याद जगात सगळंच अमर्याद वाटतं. बंदिस्त जगात तीन जाती दिसतात. काही माल उगवतो: लाकूड, बांबू, मेंढीची लोकर, रंगांसाठीची बरीचशी फुलं. काही माल बनवता येतो: लाव्हा आणि पाणी एकत्र आणलं की कोबलस्टोन तयार होत राहतो, तो भट्टीत भाजला की साधा दगड, त्याच्या विटा, पायऱ्या, कठडे, हवं तेवढं. १.१९ पासून चिकणमातीही या जातीत आली. मातीवर पाण्याची बाटली ओतून चिखल करायचा, तो अशा ब्लॉकवर ठेवायचा की खाली ड्रिपस्टोन नावाच्या दगडाचं टोक लोंबतंय. पाणी निथळून जातं आणि चिखलाची चिकणमाती होते. म्हणजे लाल विटांची चिंता मिटली. आणि तिसरी जात, जी खणली की गेली. वाळू त्यात पहिली. फिरत्या व्यापाऱ्याकडे पाचू मोजून थोडीफार मिळते, पण बांधकाम त्यावर निघत नाही. खडी नेदरमधल्या, म्हणजे खेळातल्या पाताळातल्या, पिगलिन नावाच्या डुकरांसारख्या प्राण्यांना सोनं दिलं की अधूनमधून हाती पडते, तीही चिमूटभरच.

आणि आम्हाला हवं होतं पांढरं दीपगृह. पांढऱ्या रंगाइतका छळवादी रंग या खेळात दुसरा नाही.

आधी आकार ठरवला. बाहेरून व्यास १७, भिंत दोन ब्लॉक जाड, समुद्रसपाटीपासून उंची ६०. गोल भिंतीच्या एका फेरीला बाहेरून पन्नासच्या आतबाहेर ब्लॉक लागतात, आतल्या फेरीला चाळीसच्या आसपास. एकूण पाच हजारांच्या वर गेलं. लाल पट्टे यातूनच निघणार होते, पण लाल रंग सोपा आहे, खसखशीची फुलं वाट्टेल तिथे असतात. प्रश्न पांढऱ्याचा.

क्वार्ट्झ दिसायला सगळ्यात देखणा. स्वच्छ, किंचित उबदार पांढरा, आणि त्याच्या पायऱ्या-कठडेही होतात. पण एका ब्लॉकला चार क्वार्ट्झ लागतात. म्हणजे वीस हजारांहून जास्त, आणि तेही नेदरमधून, लाव्हाच्या काठावर जीव मुठीत धरून. हाडांचे ब्लॉक? एका ब्लॉकला तीन हाडं, म्हणजे पंधरा हजारांवर सांगाडे मारा. लोकर उगवते खरी, पण ती पेटते, आणि वीज पडली की संपलंच. डायोराइट हा दगड पायलीला पन्नास मिळतो, पण त्याच्यावर काळे ठिपके असतात. भाचीचं म्हणणं, "त्यावर पक्ष्यांनी घाण केल्यासारखं दिसतं." पॉलिश करूनही फार फरक पडत नाही. कॅल्साइट मला मनापासून आवडतो, पण तो जिओडच्या, म्हणजे जमिनीखालच्या स्फटिकांच्या पोकळ गोळ्याच्या, कवचात किंवा उंच खडकाळ शिखरांवर पट्ट्यापट्ट्यांनी सापडतो, आणि आमच्या चार नकाशांत तशी शिखरं नव्हती. बर्फाचे ब्लॉक तर माझ्या डोळ्यांना खुपतात, निळसर झाक मारतात.

राहिलं काँक्रीट. २०१७ मध्ये १.१२ आवृत्तीत ते आलं आणि रंगीत बांधकामाचा नूरच पालटला. त्याआधी भडक रंग हवा असेल तर लोकर, आणि न पेटणारं हवं असेल तर मळकट रंगाचा टेराकोटा, असाच सौदा होता. काँक्रीट सपाट, एकसंध, आगीला न भिणारं. स्फोटाला मात्र ते साध्या दगडापेक्षा बरंच कच्चं आहे, दगडाची ताकद ६ तर याची १.८. क्रीपर नावाचा स्वतःच फुटणारा राक्षस जवळ येऊन फुटला तर भगदाड पडणारच. आणखी एक उणीव म्हणजे काँक्रीटच्या पायऱ्या किंवा अर्धे ब्लॉक बनत नाहीत. खिडक्यांच्या कडा आणि छज्जे यांसाठी शेवटी थोडा क्वार्ट्झ आणावा लागलाच.

चार वाळू, चार खडी, एक रंग, की आठ ब्लॉक पावडर. म्हणजे पाच हजार तीनशे ब्लॉकांना साधारण २,६५० वाळू, तेवढीच खडी आणि ६६० पांढरा रंग. एका हाडाची तीन हाडपूड होते आणि एका पुडीचा एक रंग, म्हणजे २२० हाडं. अंधाऱ्या गुहेत एक रात्र सांगाड्यांशी झुंजलं की तेवढी जमतात. हाडांचे ब्लॉक की हाडपुडीचा रंग, मूळ वस्तू तीच, पण कुठे पंधरा हजार आणि कुठे २२०.

आता वाळू. एका खणात ६४ नग राहतात आणि अंगावर ३६ खण असतात, म्हणजे गच्च भरून २,३०४. वाळूच २,६५०. हत्यार, अन्न, मशाली बाजूला ठेवल्यावर तर आणखी कमी. जग पृथ्वीच्या सातपट आहे की नाही हा प्रश्न इथे गळून पडतो, कारण तुमची झोळी ३६ खणांची आहे. शल्कर बॉक्स असते तर बात वेगळी, त्यात २७ खण भरून डबा उचलून नेता येतो. पण त्यांसाठी एंड या खेळातल्या दुसऱ्याच दुनियेत जावं लागतं आणि तेव्हा आम्ही तिथवर पोचलो नव्हतो. १.१९ मध्येच आलेली पेटीवाली होडी कामी आली. तिच्यातही २७ खण, आणि पाण्यावर होडी धावणाऱ्या माणसापेक्षा वेगवान.

म्हणून जागा ठरली ती होडीने. भाचीचा जीव उत्तरेच्या एका सुळक्यावर जडला होता. दृश्य झकास, पण वाळवंटापासून तिथवर मध्ये अख्खं जंगल. मी दाखवलेली जागा दिसायला साधी होती, नदी समुद्राला मिळते तिथली खडकाळ जमिनीची जीभ, पण नदी थेट वाळवंटाच्या कडेने येत होती आणि तिच्या तळाशी खडी पसरलेली होती. वाळू भरा, होडीत बसा, येता येता खडी उपसा, बांधकामाशी उतरा. दोन दिवस कुरबूर झाली, मग तिनेच होडीतून एक खेप आणली आणि सुळक्याचा विषय बंद झाला.

खडी उपसताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. साध्या फावड्याने दहातला एक ब्लॉक खडी न देता गारगोटी देतो. हजारोंच्या हिशेबात ही गळती दुखते. फावड्यावर सिल्क टच नावाची जादू असेल तर खडीची खडीच हातात येते. वाळूला उलट वेग हवा. एफिशियन्सी ५ ही वेग वाढवणारी जादू असलेलं हिऱ्याचं फावडं वाळूला नुसतं लागलं की ती गायब होते, बटण दाबून चालत राहायचं. वाळवंटात काही थरांखाली वालुकाश्म लागतो, तिथे फावडं अडकतं. तेव्हा खोल जायचं नाही, आडवं जायचं. आमच्या वाळवंटाची एक बाजू आता पुरती सपाट झाली आहे, आणि नकाशावर तो पट्टा ओळखू येतो.

पाया पाण्यात घ्यायचा होता. वाळू कोसळते हा तिचा गुण इथे उपयोगी पडतो. किनाऱ्यापासून पाण्यावर एक एक ब्लॉक ठेवत गेलं की तो बुडतो, तळाला बसतो, त्यावर दुसरा, आणि वाळूचा बांध पृष्ठभागापर्यंत येतो. गोल बांध पुरा झाला की आतही वाळू भरून टाकायची, सगळं पाणी हटतं. मग भराव काढायचा. इथे खणायचे कष्ट घ्यायचे नाहीत. वाळूच्या खांबाचा सगळ्यात खालचा ब्लॉक फोडायचा आणि ती जागा भरायच्या आत तिथे मशाल खोचायची. वरचा ब्लॉक मशालीवर पडतो, ठेवायला जागा नसते, म्हणून फुटून नग बनतो. त्याच्या मागून दुसरा, तिसरा. अख्खा खांब फटाफट कोसळून पायाशी नगांचा ढीग होतो, आणि मशाल तशीच जळत असते. कितीही वेळा पाहिलं तरी मला याची मजा वाटते.

पायाला डीपस्लेटच्या विटा घेतल्या. शून्य पातळीच्या खाली दगडाऐवजी हा काळपट खडक लागतो. फोडायला दगडाच्या दुप्पट चिवट, पण पांढऱ्या मनोऱ्याखाली त्याच्यासारखा चौथरा दुसरा नाही. लाटा आदळून ओला झाल्यासारखा दिसतो. पायऱ्या वस्तू बनवायच्या नेहमीच्या टेबलावर करू नयेत, स्टोनकटर या दगड कापायच्या यंत्रावर कराव्यात. टेबलावर सहा ब्लॉकांच्या चार पायऱ्या होतात, स्टोनकटरवर एका ब्लॉकची एक.

मग पावडरीचं काँक्रीट. पावडर पाण्याला टेकली की त्याच क्षणी घट्ट होते, पण ती तशीच भिंतीत लावली तर वाळूसारखी कोसळते. काही जण भिंत रचून वरून पाणी सोडतात, मला तो पसारा आवडत नाही. जावा आवृत्तीत सोपा रिवाज आहे. वाहत्या पाण्यासमोर उभं राहायचं, डाव्या हातात पावडर, उजव्या हातात कुदळ, आणि माउसची दोन्ही बटणं दाबून धरायची. डावा हात ब्लॉक ठेवतो, पाणी लागून तो कडक होतो, उजवा हात तो फोडतो, नग अंगावर येतो, तोवर पुढचा ठेवलेला असतो. ठक-ठक-ठक असा अखंड आवाज. पावडरीचा रंग जरा दाणेदार, खरबरीत असतो. पाणी लागताच तो विझून सपाट, गुळगुळीत पांढरा होतो, आणि हे डोळ्यांसमोर सेकंदाला दोन-तीनदा घडत राहतं. खण रिकामा झाला की पुढचा गठ्ठा डाव्या हातात. भाची तोवर अभ्यासाचं काहीतरी ऐकत बसायची. मी तरी ते काम कुणावर ढकललं नाही.

भिंती वर जायला लागल्या तशी उंचीवरून चर्चा पेटली. मैत्रिणींपैकी एकीचं म्हणणं, ६० काय, १५० करू. जागा होती. समुद्र ६२-६३ च्या पातळीवर असतो आणि १.१८ पासून छत ३२० वर गेलं आहे, आधी ते २५६ होतं. (या २५६ वरून आठवलं: २०१४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी भूमापन खात्याने अख्खा देश खऱ्या मापाचा या खेळात उतरवला. ते जमलं, कारण त्या देशातली सर्वांत उंच जमीन जेमतेम १७१ मीटर आहे. एव्हरेस्टला २५६ काय आणि ३२० काय, सारखंच. त्या डेन्मार्कमध्ये पाहुण्यांनी सुरुंग लावू नयेत म्हणून टीएनटीवर बंदी होती, पण टीएनटीची खाणगाडी बंद करायची राहून गेली. मग व्हायचं तेच झालं.)

पण आमच्या उंचीचा निकाल छताने लावला नाही, नजरेने लावला. सर्व्हर मूळ मांडणीत खेळाडूभोवती १० चंक पाठवतो. १० चंक म्हणजे १६० ब्लॉक. त्यापलीकडे धुकं. दीपगृह १५० ब्लॉक उंच केलं तरी १७० ब्लॉकांवरच्या होडीला ते दिसणार नाही, आणि १५० वरून दिसेल तेव्हा टोक बघायला मान वर करावी लागेल. सर्व्हरचं अंतर वाढवावं तर त्या जुन्या यंत्राचे प्राण कंठाशी येत होते. मी प्रत्यक्ष होडी घेऊन गेले, मनोऱ्याच्या मचाणावर मशाली लावून, आणि धुक्यातून आकृती पहिल्यांदा उमटते तिथून बघितलं. ६० ला ती पूर्ण दिसते, पायाच्या काळ्या चौथऱ्यापासून टोकापर्यंत, एकाच नजरेत. आणखी चाळीस ब्लॉक चढवले असते तर नुसतीच खेपांची भर. मैत्रीण आजही म्हणते की १५० झकास दिसलं असतं. असो.

दिवाघराला काचा लावल्या. काच फुटली की परत मिळत नाही, सिल्क टच लागतो, म्हणून मापं आधी घेऊन मग लावल्या. आत ग्लोस्टोन, म्हणजे उजेड देणारे ब्लॉक. समुद्री कंदील जास्त शोभले असते, पण सागरी मंदिर आमच्या हद्दीत नव्हतं. हे वाक्य बंदिस्त जगात फार वेळा म्हणावं लागतं.

छप्पर तांब्याचं. तांबं २०२१ मध्ये १.१७ ला आलं, आणि या खेळातला तो जवळपास एकच बांधकामाचा माल आहे जो म्हातारा होतो. नारिंगी, मग तपकिरी, मग हिरवट, शेवटी पूर्ण निळसर हिरवा. यातली गंमत अशी की जवळ कुणी खेळाडू असेल तेव्हाच त्याचं वय वाढतं. आम्ही दुसरीकडे रमलो की छप्पर आहे त्याच वयाचं राहतं. आवडत्या टप्प्यावर थांबवायचं असेल तर मधाच्या पोळ्याचं मेण लावायचं, मागे न्यायचं असेल तर कुऱ्हाडीने खरवडायचं. टोकावर विजेचा दांडा बसवला आणि त्याने भलतंच काम केलं. वादळात वीज दांड्यावर पडली आणि त्याच्या भोवतालचा हिरवा पडलेला भाग पुन्हा झळझळीत नारिंगी झाला, जसं कुणी फक्त शेंडीला कल्हई केली. वीज तांब्याचा गंज उतरवते हे मला माहीत होतं, पण ते आपल्या छपरावर बघणं वेगळं. भाचीला मेण लावायचं होतं, मी लावू दिलं नाही.

तळमजल्यावर चार नकाशे चार चौकटींत लावले आणि वाटलं झालं. पण जिना राहिला होता. आत भिंतीलगत गोल फिरणारा जिना हवा होता आणि त्याला फिकट लाकूड. बर्च पिवळट पडतो. पांढऱ्या काँक्रीटशेजारी त्याचा पिवळेपणा उठून दिसतो. तो विषय तिथेच राहिला.

दरम्यान आवृत्त्या येत राहिल्या आणि कुंपणाची खरी किंमत कळली. एकदा घडलेला चंक पुन्हा घडत नाही. २०२३ मध्ये १.२० आली आणि गुलाबी चेरीची वनं आली, पण ती फक्त अशा जमिनीत उगवतात जी तोवर कुणी पाहिलेली नाही. आमच्या चार नकाशांतला इंच न् इंच भाचीने फिरून रंगवलेला होता. म्हणजे नव्या मालाला आमच्या जगात शिरायला दारच नव्हतं. अमर्याद जगात जेवढं कमी हिंडाल तेवढा पुढच्या आवृत्तीला वाव. आमच्यासारख्यांनी कुंपण घालून आतलं सगळं पाहून टाकलं की एकच मार्ग राहतो, कुंपण हलवायचा.

चेरीसाठी मी दाद दिली नाही. गुलाबी लाकूड त्या मनोऱ्यात मला नको होतं. पण डिसेंबर २०२४ मध्ये १.२१.४ आली, तिच्यात पेल गार्डन नावाचं फिकट झाडांचं वन, आणि त्यात पेल ओक. त्याच्या फळ्या फिकट, जवळजवळ पांढऱ्या. भाचीचा फोन आला तेव्हा तिने नमस्कार-चमत्कारही केला नाही.

"आत्या, आता सांग कुंपण किती हलवू."

मध्य तोच ठेवून रुंदी दुप्पट, ८१९२. म्हणजे चाराचे सोळा नकाशे, जाळी जशीच्या तशी. आज्ञेला सेकंद जोडले की हद्द एकदम उडी न मारता हळूहळू सरकते, आणि सरकताना तिचा रंग निळ्याचा हिरवा होतो. आम्ही चौघी तिच्या मागोमाग चालत गेलो. फारच हळू सरकवली आहे अशी मैत्रिणींची तक्रार होती, पण सर्व्हरला नवी जमीन घडवायला तेवढा वेळ लागणारच होता.

पेल गार्डन सापडलं ते दक्षिणेला, पार नव्या हद्दीजवळ. रात्री तिथे क्रीकिंग नावाची लाकडी धुडं फिरतात, जी तुम्ही बघत असताना हलत नाहीत. लाकूड तोडून वाहून आणायचं तर पुन्हा तीच ३६ खणांची रड, आणि इथे नदी नाही. पण लाकूड हा उगवणारा माल आहे. पानं तोडून रोपं गोळा केली. पेल ओकची चार रोपं चौकोनात लावली तरच झाड होतं, एकट्या रोपाचं होत नाही, म्हणून चाराच्या पटीत आणली. लावलेल्या झाडांत क्रीकिंगचं हृदय तयार होत नाही, त्यामुळे दीपगृहाच्या मागे बाग केली तरी रात्रीची भीती नाही. भाचीला हे जरा निराशाजनक वाटलं.

जिन्याच्या पायऱ्या आता अर्ध्यावर आल्या आहेत. नकाशांची भिंत चौघींच्या मते वेगवेगळ्या ठिकाणी असायला हवी, कारण सोळा चौकटी तळमजल्यावर दाराला आड येतात. बारा नकाशे अजून रंगवायचे आहेत. मी म्हणते ते कोरेच राहू द्या, पुढच्या आवृत्तीत काय येईल सांगता येत नाही. भाची ऐकणार नाही. तिची होडी कालच पूर्वेला दिसली.